तोंडी परीक्षा : जीभ बाहेर काढा

मागच्या अंकात हिरड्यांवर लिहिताना शेवटी एक ओळ टाकली होती, की दात घासून झाले की आरशात एकदा जीभही बघत जा. बघितलीत तुम्ही. त्यानंतर टपाल उघडावं तर जीभच बाहेर. एका ताईंनी जेवता जेवता काढलेला फोटो पाठवलाय, जिभेच्या मधोमध मेथीचं पान, आणि खाली प्रश्न, "डॉक्टर, हा हिरवा डाग कशाचा?" त्यांना वेगळं कळवलंय.

बाकी जवळजवळ सगळ्या पत्रांच्या शेवटी एकच प्रश्न आहे : "काय लावू?" कराडला दातांचा दवाखाना टाकून मला 27 वर्षं झाली. या प्रश्नावर हात लांब करून ट्यूब काढून द्यावी अशी वेळ फार थोड्यांदा आली. बहुतेकदा लावायचं काहीच नसतं, काढायचं असतं. काय काढायचं ते मात्र ज्याचं त्याचं वेगळं, आणि ते पेशंट आपणहून सांगत नाही.

"आई 61 वर्षांची, पाटण तालुक्यात गावी असते. जिभेच्या उजव्या कडेला दोन महिन्यांपासून जखम आहे. गावात दाखवलं, बी-कॉम्प्लेक्सच्या गोळ्या आणि लावायला जेल दिलं. चार दिवस बरं वाटतं, मग परत तसंच. फार दुखत नाही म्हणून ती पुढे दाखवायला तयार नाही. व्यसन काही नाही, फक्त सकाळ-संध्याकाळ मिश्री लावते. दुसरं कुठलं जेल चांगलं?" – एक मुलगी, पुणे

ताई, जेल राहू द्या. हा अंक हातात पडला त्याच आठवड्यात आईंना दातांच्या डॉक्टरकडे न्या, शक्य असेल तर जवळच्या दंत महाविद्यालयात. कॅन्सरच आहे असं मी म्हणत नाही. पण पत्रातल्या तीन गोष्टी एकत्र वाचल्यावर मी हातातलं काम बाजूला ठेवलं : जिभेची कड, दोन महिने, आणि "फार दुखत नाही".

साधं तोंड येतं तेव्हा माणूस वैतागतो. मीठ झोंबतं, बोलवत नाही, आणि सात ते दहा दिवसांत ते आपलं आपण भरून येतं. दाढेनं चावलं गेलं, गरम चहानं पोळलं, तरी तेच. म्हणून आमच्या धंद्यात एक साधा हिशोब आहे : कारण दूर केल्यावर 14 दिवसांत जी जखम भरली नाही, तिचा तुकडा काढून तपासायला पाठवायचा. न दुखणारी जखम ही उलट जास्त काळजीनं बघायची.

तिथे काय होईल ते सांगते, म्हणजे आईंनाही सांगता येईल. डॉक्टर गॉजच्या तुकड्यानं जिभेचं टोक धरतील, नुसत्या हातानं धरली तर जीभ माशासारखी सुटते. मग ती डावीकडे ओढून उजवी कड मागपर्यंत उघडी करतील. ही मागची कड घरच्या आरशात कधीच नीट दिसत नाही आणि जिभेचा कॅन्सर बहुधा नेमका तिथेच सुरू होतो. नुसतं बघून काम होत नाही, बोटानं दाबून बघावं लागतं. साध्या जखमेचा तळ मऊ लागतो. तळ टणक लागला, जिभेत वाटाणा पुरल्यासारखा, तर वाट बघायची नाही. मग जबड्याखाली आणि मानेत गाठी चाचपतील. आणि जखमेसमोरची दाढ बघतील. या वयात तिथे हमखास एखादी तुटलेली दाढ किंवा खुंट असतो, त्याची कड सुरीसारखी. ती घासून गुळगुळीत करायला पाच मिनिटं लागतात. माझ्याकडे अशा कितीतरी "महिनोन् महिने बऱ्या न होणाऱ्या" जखमा ती धार मोडल्यावर दोन आठवड्यांत मिटल्या आहेत. कवळी असेल तर तिचा काटा टोचत असतो. आईंची जखम मात्र आधीच दोन महिन्यांची आहे, त्यामुळे दाढ घासून दिली आणि "आता बघू" म्हणाले, तर तिथल्या तिथे पंधराव्या दिवसाची तारीख लिहून घ्या. त्याच दिवशी तुकडा काढू म्हणाले तर हो म्हणा.

"तुकडा काढला की आजार पसरतो" हे गावात कुणीतरी सांगेलच. पसरत नाही. भूल देऊन गव्हाच्या दाण्याएवढा तुकडा घेतात, एखादा टाका पडतो. पसरतो तो जेल लावत घालवलेल्या महिन्यांत. हे मी पुस्तकातलं सांगत नाही. दवाखाना सुरू केल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी एक मावशी आल्या होत्या, जखम अशीच कडेला. मी त्यांना बी-कॉम्प्लेक्स आणि जेल दिलं, आठ दिवसांनी या म्हटलं. त्या आल्या, थोडं बरं आहे म्हणाल्या, मी आणखी आठ दिवस दिले. मग शेतीची कामं निघाली. त्या चार महिन्यांनी आल्या तेव्हा शब्द नीट उमटत नव्हते. मी त्यांना मुंबईला परळच्या टाटा हॉस्पिटलला पाठवलं. जीभ अर्धी काढावी लागली. त्या वाचल्या, पुढे कित्येक वर्षं येत राहिल्या, मला कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. तेव्हापासून माझ्या टेबलावर एक साधी वही आहे, जिभेच्या प्रत्येक जखमेची तारीख तिच्यात जाते. पेशंट पंधराव्या दिवशी आला नाही तर आम्ही फोन करतो.

आता मिश्री. तुम्ही लिहिलंय, "व्यसन काही नाही, फक्त मिश्री". हे वाक्य मी आठवड्यातून दोनदा तरी ऐकते. केसपेपरवर "तंबाखू?" विचारलं की "छे छे". "मिश्री?" विचारलं की "ती काय, दात घासायला". मिश्री म्हणा, मिसरी म्हणा, कोकणात मशेरी म्हणतात ती म्हणा, आहे ती तंबाखूच, तव्यावर काळी होईपर्यंत भाजलेली. भाजताना घरभर खोकला उठतो, तो धूर कशाचा असतो? दात घासायला दोन मिनिटं पुरतात. मिश्री घेऊन बाई उंबऱ्यावर अर्धा तास बसते आणि तिचं बोट दातांवरून कधीच हिरडीवर आणि गालाच्या आत गेलेलं असतं. ते निकोटीन तिथून थेट रक्तात जातं, म्हणून तर "लावली नाही तर डोकं चढतं".

त्या अर्ध्या तासाबद्दल मात्र मला बोलायचंय. पहाटेपासून राबणाऱ्या बाईला "मिश्री लावतेय" म्हटल्यावर कुणी उठवत नाही. दिवसभरात तिचा स्वतःचा वेळ तेवढाच. नुसती डबी काढून घेतली तर तो वेळही जातो, आणि दुसऱ्या दिवशी ती शेजारणीकडे जाऊन लावते. त्यामुळे बसायचं तिथेच, त्याच वेळी, हातात कडुलिंबाची काडी नाहीतर ब्रश असू दे. आणखी एक. "मिश्रीशिवाय पोट साफ होत नाही" असं आई म्हणतील. ते खोटं नाही, निकोटीननं आतड्याची हालचाल वाढते. सोडल्यावर पहिले दोन-तीन आठवडे कुंथावं लागतं, डोकं दुखतं, चिडचिड होते. हे आधी सांगून ठेवलं तर बाई टिकते, नाहीतर चौथ्या दिवशी डबी परत कनवटीला. 1800-11-2356 हा तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठी सरकारचा मोफत नंबर आहे. फोन तुम्ही लावून द्या, बोलू दे त्यांना.

पण क्रम चुकवू नका. आधी जखम दाखवा, मिश्रीचं भांडण नंतर. भांडणानं बाई रुसते आणि दाखवणं राहून जातं, हेही मी पाहिलंय.

"स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. महिनाभरापासून जीभ मागच्या बाजूला काळी पडलीय आणि तिच्यावर केस उगवल्यासारखे दिसतात. तोंडाला वास येतो म्हणून माउथवॉश वाढवला तर जास्तच काळी झाली. रूममेट म्हणतात, तू आमच्याबद्दल काही बोलू नकोस, तुझं खरं होईल." – सदाशिव पेठ, पुणे

रूममेटना सांगा, प्रिलिम सुटायची असेल तर चहा तुम्ही पाजा.

ते केस नाहीत. जिभेच्या पाठीवर धाग्यासारखे बारीक उंचवटे असतात, जेमतेम एक मिलिमीटरचे. त्यांची टोकं रोज झिजतात आणि रोज वाढतात, नखांसारखी. झिजायचं थांबलं की ती वाढतच जातात, कधी सेंटिमीटरभरसुद्धा, आणि मग त्या जंगलात चहा, कॉफी, सिगारेट, जंतू, सगळ्यांचा रंग बसतो. झिजायचं का थांबलं? तुमच्या पत्राच्या दुसऱ्या पानावर तुम्हीच लिहिलंय : सकाळी पोहे, दुपारी मेसचा पातळ वरण-भात, रात्री मॅगी, अभ्यासिकेत दिवसाला आठ-नऊ कटिंग, आणि मध्यंतरी घसा बसला म्हणून सात दिवस अँटिबायोटिक. भाकरी, काकडी, गाजर, ऊस असं जिभेला घासणारं काहीच नाही. (ऊस दातानं सोलून खाणारा पेशंट मला गेल्या पाच वर्षांत भेटलेला नाही. कराडात!)

माउथवॉशच्या बाटलीवर क्लोरहेक्सिडिन लिहिलंय का बघा. असेल तर आजच बंद. ते हिरड्यांच्या दुखण्यावर चांगलं औषध आहे, पण आठ-पंधरा दिवसांपुरतं, डॉक्टरनं सांगितलं तर. त्यानं दात आणि जीभ तपकिरी होतात, चव जाते, आणि वरून चहा प्यायला की डाग आणखी पक्के बसतात. तुम्ही वास घालवायला ते घेत होतात, वास येत होता त्या जंगलातून, आणि जंगल वाढवत होतं माउथवॉश.

मऊ ब्रशनं किंवा टंग क्लीनरनं सकाळ-रात्र मागून पुढे, हलक्या हातानं घासा. चहा तीनवर आणा, पाणी वाढवा. "कधीतरी" ओढता असं लिहून तुम्ही ते खोडलंय, मला दिसलं. तेही बंद. दोन-तीन आठवड्यांत फरक पडेल. जुलाबावरच्या किंवा ॲसिडिटीच्या काही औषधांत बिस्मथ असतं, त्यानंही जीभ काळी होते, पण ते एक-दोन दिवसांत निघून जातं. आणि जन्मापासून जिभेवर काळसर ठिपके असतील तर तो नुसता रंग, आपल्या सावळ्या लोकांत कितीतरी जणांना असतो. काळ्या जिभेच्या बाईचा शाप लागतो म्हणणाऱ्यांनी तो ठिपका कधी जवळून पाहिलेला नसतो.

"मुलगा सहा वर्षांचा. जिभेवर लाल चट्टे, कडेनं पांढरी रेघ. आज इथे, चार दिवसांनी तिथे. जंताचं औषध झालं, बुरशीचं ड्रॉप्स झालं." – सांगली

फोटो उत्तम काढलाय. अगदी नकाशा दिसतो आणि आम्ही त्याला नकाशाची जीभच म्हणतो. शंभरातल्या एक ते तीन जणांना असते. चट्टे जागा बदलतात हीच तिची खूण, रोगाचे चट्टे असे फिरायला जात नाहीत. संसर्ग नाही, जंत नाहीत, तुमच्या स्वयंपाकाचा दोष नाही, कुठल्या सवयीचाही नाही. ड्रॉप्स थांबवा. टोमॅटो, अननस, शेजवान चटणीनं झोंबलं तर तेवढे दिवस ते देऊ नका. घरात कुणाला सोरायसिस आहे का तेवढं आपल्या डॉक्टरांना सांगून ठेवा, कधीकधी दोन्ही बरोबर असतात. लावायला काही नाही.

"वय 56, शुद्ध शाकाहारी. 11 वर्षांपासून मधुमेह, गोळी चालू. जीभ लालबुंद, गुळगुळीत, आमटीचा घासही सोसत नाही. उष्णता वाढली म्हणून गुलकंद, सब्जा, दूर्वांचा रस सगळं केलं. हल्ली पायाला मुंग्याही येतात, त्या साखरेमुळे असतील." – बार्शी

काका, "उष्णता" या शब्दानं महाराष्ट्राचं जेवढं नुकसान केलंय तेवढं मिरचीनंही केलं नसेल. तोंड आलं, उष्णता. केस गळले, उष्णता. एकदा उष्णता म्हटलं की पुढची तपासणी थांबते आणि सब्जा भिजत पडतो.

तुमच्या जिभेवरचे ते बारीक उंचवटे नाहीसे झालेत, म्हणून ती काचेसारखी दिसते. याचं पहिलं कारण बघायचं ते बी-12 ची कमतरता. हे जीवनसत्त्व डाळी-भाजीत नसतं, ते मांस, मासे, अंडी आणि थोडंसं दूध-दह्यात असतं. तुम्ही लिहिलंय दूध चहापुरतं. त्यात मधुमेहाची तुमची गोळी मेटफॉर्मिन आहे, ती वर्षानुवर्षं घेतली की बी-12 आतड्यातून नीट शोषलं जात नाही. आणि तुम्ही पाठवलेल्या औषधांच्या यादीत तिसरी गोळी आहे, रोज सकाळी उपाशीपोटी, ॲसिडिटीची, "चार वर्षांपूर्वी सुरू केली ती चालूच आहे". तीही तेच करते. तिन्ही बाजूंनी वाट बंद.

मुंग्या साखरेच्याच असं धरून चालू नका. बी-12 कमी पडलं तरी नसांवर परिणाम होतो आणि फार उशीर झाला तर तो पूर्ण भरून येत नाही. म्हणून हे माझ्या खुर्चीत सुटणारं काम नाही, तुमच्या फिजिशियनकडे जा. बी-12, हिमोग्लोबिन आणि लोहाची तपासणी सांगा. दोन गोष्टी सांभाळा. रक्त आधी द्या, इंजेक्शन नंतर. आमच्याकडे उलट होतं, मेडिकलवाल्याकडून बी-12 ची तांबडी इंजेक्शनं टोचून घेतात आणि मग तपासायला जातात, मग रिपोर्टमध्ये आकडा भरपूर येतो आणि कशानं काय झालं ते कळत नाही. दुसरं, नुसती फॉलिक ॲसिडची गोळी मनानं घेऊ नका, तिनं रक्त सुधारलेलं दिसतं आणि नसांचं दुखणं आत चालू राहतं. मेटफॉर्मिन मात्र आपल्या आपण बंद करायची नाही. ॲसिडिटीची गोळी अजून लागते का, हे डॉक्टरांना जरूर विचारा, चार वर्षांत कुणी विचारलेलं दिसत नाही.

साखर वर-खाली होत असेल तर तोंडात बुरशीही धरते, तिनंही आग होते. आरशात पांढरा साय धरल्यासारखा थर दिसला आणि पुसल्यावर निघाला तर ती बहुधा तीच. लोह कमी निघालं तर जेवणानंतर लगेच चहा घेऊ नका, तासभर जाऊ द्या. बी-12 सुरू झालं की काही आठवड्यांत आमटी परत गोड लागेल. लोणचं त्यानंतर.

"वय 23, लातूर. मोबाइलच्या दुकानात काम करतो. तंबाखू कधी खाल्ली नाही, फक्त सुपारीच्या पुड्या, दिवसाला दहा-बारा. सहा महिन्यांपासून तिखट लागलं की आग होते. आता जीभ पूर्वीसारखी बाहेर येत नाही आणि पाणीपुरी तोंडात मावत नाही, फोडून खातो."

मित्रा, तू निदान स्वतःच लिहून पाठवलंयस. पाणीपुरी ही आमची सगळ्यात स्वस्त तपासणी आहे. दुसरी तुझ्याच हातात : उजव्या हाताची मधली तीन बोटं एकावर एक, उभी, पुढच्या दातांमध्ये घालून बघ. तीन गेली तर ठीक. दोनच जात असतील तर अंक खाली ठेव आणि उद्याची वेळ घे.

सुपारी गालात ठेवली की तिच्यातल्या द्रव्यांनी तोंडाच्या अस्तराखाली तंतू साचायला लागतात. मऊ गाल आतून चामड्यासारखा ताठ होतो, पांढुरका पडतो, बोटानं चाचपलं तर आत सुतळ्या ताणल्यासारख्या लागतात. जिभेखाली तेच झालं की ती बाहेर येत नाही. आधी आग, मग ताठरपणा, हा नेहमीचा क्रम, आणि आग होते तेव्हा बहुतेकजण तिखट सोडतात, सुपारी ठेवतात. यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. तंबाखू नाही म्हणून सुटलो, असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं 2004 सालीच नुसत्या सुपारीला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलंय. महाराष्ट्रात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, म्हणून आता सुपारीची पुडी वेगळी आणि तंबाखूची वेगळी मिळते, जोडीनं घ्यायची. टपरीवाल्याला विचार, जोडी म्हणून मागितली की देतो की नाही.

खरं सांगायचं तर साचलेले तंतू पूर्ण विरघळवणारं औषध माझ्याकडे नाही. आज सुपारी थांबवलीस तर दुखणं बहुधा तिथे थांबेल, तोंड जेवढं उघडतंय तेवढं राखता येईल, व्यायामानं थोडं वाढवताही येईल. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांमध्ये धरायच्या, आठवड्याला एक वाढवायची, हा व्यायाम माझे पेशंट करतात. किती आणि कसा ते तुझं तोंड बघूनच ठरेल. काहींना गालात इंजेक्शनं द्यावी लागतात, फार आवळलं तर ऑपरेशन. सरकारी दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत, तुला संभाजीनगर बरं पडेल. पहिले काही महिने दर महिन्याला कुणीतरी तोंड मोजायला हवं, आकडा मिलिमीटरमध्ये लिहून घेत जा.

आपल्याकडे सुपारी फुटल्याशिवाय लग्न ठरत नाही, सुपारीशिवाय पूजा मांडत नाहीत. गणपती म्हणून मांडलेली सुपारी कुणी चघळत नाही, एवढा मान पुडीतल्या सुपारीलाही देता आला तर बघ. हात चाळवतील, गिऱ्हाईक नसताना जास्तच. लवंग नाहीतर भाजलेली बडीशेप चालेल, पण ती बडीशेप सुपारीच्या खांडाशिवायची बघून घे.

"वय 44. रात्री बॅटरीनं घसा बघताना जिभेच्या अगदी मागे ओळीनं आठ-दहा गाठी दिसल्या. झोप उडालीय." – ठाणे

झोपा. इंग्रजी व्हीच्या आकारात मांडलेले ते उंचवटे सगळ्यांना असतात, साधारण आठ ते बारा, त्यांच्या भिंतींत रुचिकलिका असतात. तुम्ही 44 वर्षं तिथे बॅटरी मारली नव्हती एवढंच. शाळेत शिकलेला तो जिभेचा नकाशा, टोकाला गोड आणि मागे कडू, तोही विसरून जा, सगळ्या चवी सगळीकडे कळतात. गाठ एकाच बाजूला असेल, वाढत असेल, गिळताना त्या बाजूच्या कानात कळ जात असेल, तर मात्र दाखवा. दोन्हीकडे सारखं असलं की बहुधा ते देवानं दिलेलं असतं.

"टंग क्लीनर तांब्याचा चांगला की स्टीलचा? सासूबाई तांब्याचा म्हणतात, मी प्लास्टिकचा वापरते." – कोल्हापूर

चरकसंहितेत सोनं, रुपं, तांबं, कथील, पितळ असे पाचही पर्याय दिले आहेत, त्यामुळे सासूबाईंची बाजू जुनी आहे. प्लास्टिक तेव्हा नव्हतं. माझं म्हणणं एवढंच, की कड बोथट हवी आणि हात हलका. दिवसातून एकदा, तीन-चार वेळा ओढलं की पुरे, रक्त येईपर्यंत नाही. जीभ थोडी पांढुरकी असतेच, ती गुलाबी करून सोडायची स्पर्धा नाही. आणि तो पहाटेचा "आऽऽक्" आवाज, ज्यानं वाड्यातली सगळी बिऱ्हाडं उठतात, तो क्लीनर फार मागे गेला म्हणून येतो. श्वास सोडत ओढा, येणार नाही.

दम्याचा पंप घेणाऱ्यांची चार पत्रं आहेत, सगळ्यांच्या जिभेवर पांढरे डाग. चौघांनाही एकच : पंप मारल्यावर खळखळून चूळ भरा आणि थुंका, गिळू नका, आणि स्पेसरबद्दल, म्हणजे पंपाला पुढे जोडायच्या नळकांड्याबद्दल, डॉक्टरांना विचारा. डाग तरीही राहिले तर बुरशीचं औषध लागेल. चला, एकाला तरी "लावायचं" मिळालं.

फोटो पाठवणाऱ्यांनी चहा, पान, हळदीचं दूध घेण्याआधी, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश बंद करून काढावा. जीभ ताणायची नाही, सैल सोडायची. आणि जखम कधीपासून आहे ती तारीख लिहायची, "बरेच दिवस" लिहायचं नाही.